प्रिटी डेडली: ‘डोक्यावरून गेलं’ म्हणणारेही खरे, ‘अप्रतिम’ म्हणणारेही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ‘प्रिटी डेडली’ या अमेरिकन चित्रकथा-मालिकेचा पहिला खंड घेण्याआधी तुम्ही वाचकांचे अभिप्राय चाळलेत. निम्मे म्हणत होते अप्रतिम, निम्मे म्हणत होते काहीच कळलं नाही. मग स्वतः वाचलंत, तर तिसऱ्या अंकापर्यंत कोण कोणाच्या मागे लागलंय तेच उमजेना. आता विचारताय की दोष तुमचा की पुस्तकाचा, यातल्या कुठल्या वाचकांवर भरवसा ठेवायचा आणि पुढचे दोन खंड घ्यावेत का. शिवाय जाता जाता विचारलंय की तेरा वर्षांच्या भाचीला हे द्यावं का.

मी चित्रकथा काढायला शिकवते आणि पुण्यात मोठ्या माणसांचं एक चित्रकथा-वाचनमंडळ चालवते. हे पुस्तक आमच्याकडे अनेकदा फिरलंय आणि दर वेळी मंडळात तुम्ही म्हणता तशीच दोन टोकं पडतात. अडाणी वाचक आणि जाणकार वाचक अशी ती विभागणी नसते, एवढं आधी सांगते. मंडळातले सगळ्यात मुरलेले वाचकही वैतागलेले पाहिलेत. सगळे बोलतात एकाच पुस्तकाबद्दल, पण प्रत्येकानं ते वेगळी अपेक्षा ठेवून आणि वेगळ्या पद्धतीनं वाचलेलं असतं. अभिप्राय वाचताना नेमकं तेच दिसत नाही.

अपेक्षेपासून सुरुवात करू. मालिका ऑक्टोबर २०१३ मध्ये इमेज कॉमिक्सनं सुरू केली. लेखन केली सू डिकॉनिक यांचं, चित्रं एमा रिओस यांची, रंग जॉर्डी बेलेअर यांचे आणि अक्षरलेखन क्लेटन काउल्स यांचं. पहिल्या पाच अंकांचा खंड २०१४ मध्ये आला. त्याच्या जाहिरातीच्या मजकुरात प्रकाशकानं ‘सँडमन’ आणि ‘प्रीचर’ या दोन गाजलेल्या चित्रकथांपैकी पहिलीची अद्भुतता आणि दुसरीचा वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार-बंदुकबाजांच्या जुन्या अमेरिकेचा, रांगडेपणा यांचा संगम असल्याचं म्हटलं होतं. शिवाय मृत्यूची मुलगी, तिच्या चेहऱ्यावर बापाच्या कवटीची खूण, बसायला धुराचा घोडा आणि सूडाची कथा! हे वाचून तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? वाळवंटातून दौडत येणारी, दोषींना एकेक करून टिपणारी नायिका. माझ्याही डोळ्यांसमोर तीच आली होती.

पुस्तक उघडल्यावर मात्र भेटतो एक मेलेला ससा. तो एका फुलपाखराला गोष्ट सांगतोय. त्या गोष्टीत फॉक्स नावाचा आंधळा म्हातारा आणि गिधाडाच्या पिसांचा झगा घातलेली, दोन डोळ्यांचे दोन रंग असलेली सिसी नावाची मुलगी गावोगाव हिंडतात, चित्रं काढलेलं कापड टांगतात आणि गाणं म्हणतात. जिची गोष्ट म्हणून आपण पुस्तक घेतलं ती मृत्यूची मुलगी जिनी पहिल्या अंकात बहुतेक त्या गाण्यातच भेटते. तिच्या सूडापेक्षा सिसीनं एकाच्या खिशातून काय मारलं आणि त्यासाठी बिग अ‍ॅलिस नावाची धिप्पाड बाई तिच्या मागे का लागली, यावर कथानक चालतं. म्हणजे बंदुकबाजीची अपेक्षा ठेवून आलेल्याच्या हातात दंतकथा पडते.

त्यात आणखी एक गट मिसळला. डिकॉनिक यांनी २०१२ पासून मार्व्हलसाठी ‘कॅप्टन मार्व्हल’ ही सुपरहिरो मालिका लिहिली होती आणि त्यातून त्यांना मोठा, निष्ठावान वाचकवर्ग मिळाला होता. त्यातले बरेच जण लेखिकेच्या नावावर इकडे आले. तिथली गोष्ट सरळ पुढे जाणारी, संवाद खुसखुशीत, नायिकेच्या मनात काय चाललंय ते स्वच्छ कळणारं. इकडे नायिकेच्या मनात डोकावायला खिडकीच नाही. त्यातल्या कुणी ‘निराशा झाली’ असं लिहिलं, तर तो अभिप्राय प्रामाणिकच असणार, पण तुम्ही त्या वाटेनं आला नसाल तर तुमच्या फारसा कामाचा नाही.

आता वाचण्याची पद्धत. तुमची अडचण मुख्यतः इथे असावी असा माझा अंदाज आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना चित्रकथा वाचायची सवय लागली अमर चित्रकथा किंवा इंद्रजाल कॉमिक्स यांच्यावर. त्या चित्रकथांत पॅनलच्या, म्हणजे चित्राच्या चौकटीच्या, डोक्यावर एक पट्टी असते आणि ‘इकडे राजवाड्यात...’ किंवा ‘तेवढ्यात वेताळ तिथे पोहोचला’ असं ती सांगून टाकते. चित्रं झाकून नुसता मजकूर वाचलात तरी गोष्ट ऐंशी टक्के कळते. त्यामुळे आपण एक नकळत शिस्त लावून घेतो: आधी संवादांचे फुगे वाचायचे, चित्रावर ओझरती नजर टाकायची, पान उलटायचं. ‘प्रिटी डेडली’ या शिस्तीनं वाचलं तर हमखास फसतं, कारण तिथे मजकूर झाकला तर निम्मी गोष्ट कळते आणि चित्रं झाकली तर जवळजवळ काहीच नाही. ‘इकडे’ आणि ‘तेवढ्यात’ सांगणारं कुणी नाही. जे सांगतात ते ससा आणि फुलपाखरू, आणि तेही कोड्यात बोलतात.

एमा रिओस या मुळात वास्तुरचनेचं शिक्षण घेतलेल्या. ते त्यांच्या पानात दिसतं असं मला वाटतं. त्या पान ओळीनं भरत नाहीत. आधी एक मोठी जागा उभी करतात, बऱ्याचदा समोरासमोरची दोन्ही पानं व्यापणारी, आणि त्या जागेत छोटे छोटे पॅनल पेरतात. एकात हात, एकात डोळा, एकात जमिनीवर पडलेली वस्तू. मोठं चित्र कुठे ते सांगतं, छोटे पॅनल काय घडलं ते सांगतात आणि त्यांचा क्रम नजरेनं शोधायचा असतो. वर्गात मी मुलांना यातली काही पानं फुग्यांवर कागद चिकटवून देते आणि काय घडलं ते सांगायला लावते. जपानी मांगा वाचून वाढलेली मुलं पटकन सांगतात. माझ्या वयाची माणसं आधी कागद काढायला बघतात. बुद्धीशी याचा काही संबंध नाही, नजरेला कशाची सवय आहे एवढंच.

तुम्ही फोनवर वाचलंत की कागदावर, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझं उत्तर बरंचसं त्यावर अवलंबून आहे. फोनवरच्या ॲपमध्ये एकेक पॅनल मोठा करून दाखवायची सोय असते. सरळ ओळीत मांडलेल्या चित्रकथेला ती चालते. इथे मात्र तिनं घोटाळा होतो: मोठं चित्र आणि त्यातले छोटे पॅनल एकमेकांपासून तुटतात आणि जागेचं भानच जातं. फोनवर वाचून नाराज झालेल्या मंडळातल्या काही जणांना छापील प्रत हातात दिली, तेव्हा सगळ्यांचं नाही, पण काहींचं मत बदललं. छापील प्रत नसेल तर निदान टॅबलेटवर, अख्खं जोडपान दिसेल असं आडवं धरून वाचा.

आणखी एक गोष्ट अमेरिकन वाचक कधीच लिहिणार नाहीत, कारण ती त्यांची अडचण नाही. यातली पात्रं जुन्या अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरच्या खेडवळ इंग्रजीत बोलतात. शब्द गिळलेले, व्याकरण मोडलेलं, वर गाण्याच्या ओळी जुन्या वळणाच्या. आपण शाळेत शिकलेल्या इंग्रजीवर हे वाचतो तेव्हा दर दुसऱ्या फुग्यापाशी किंचित अडखळतो, आणि त्या अडखळण्यात चित्राकडे बघायचं राहून जातं. पुण्यात राहून मालवणी नाटक वाचताना होईल तसं. यात कमीपणा वाटून घेऊ नका. फक्त ‘मला गोष्ट कळली नाही’ आणि ‘मला बोली कळली नाही’ हे दोन स्वतःशी वेगळे करून बघा.

एवढं सांगितल्यावर पुस्तकाला मी सगळं माफ करतेय असं वाटेल. तसं अजिबात नाही. वैतागलेल्या वाचकांच्या तक्रारींत तथ्य आहे.

पहिली तक्रार, पात्रांची ओळख. पाच अंकांत फॉक्स, सिसी, अ‍ॅलिस, सेरा, जॉनी, जिनी, खुद्द मृत्यू, शिवाय ससा आणि फुलपाखरू. बहुतेकांची नावं उशिरा कळतात आणि नातं त्याहून उशिरा. गूढ राखणं वेगळं आणि वाचकाला कुणाकडे बघायचं तेच न सांगणं वेगळं. इथे दुसरी गोष्ट झालीय असं माझं मत आहे. संपादकाच्या जागी मी असते तर पहिल्या अंकातली किमान दोन माणसं दुसऱ्या अंकात ढकलली असती.

दुसरी, मारामारीची पानं. वर सांगितलेली छोट्या पॅनलची पद्धत शांत प्रसंगांत फार सुंदर चालते, पण तलवारी निघाल्यावर कोणाचा हात, कोणाचं पातं, वार लागला की चुकला, हे काही ठिकाणी मलाही दोनदा बघावं लागतं. त्या गोंधळातून लढाईचा गोंधळ जाणवतो असं म्हणणारे वाचक आहेत. मला ते पटत नाही. अशा पानावर वाचक थांबतो तो थरारून नाही, उलगडा करायला थांबतो.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर, आणि ती तुलनेनं कमी लोक करतात: जिनीबद्दल काही वाटत नाही. ती दिसते जबरदस्त, पण तिला काय हवंय ते आपल्याला ऐकून माहीत असतं, अनुभवून नाही. ज्यांना दंतकथा आवडते त्यांना याचं काही वाटत नाही. दंतकथेतल्या माणसांच्या मनात आपण शिरत नाहीच. ज्यांना माणूस हवा असतो ते मात्र रिकाम्या हातानं परततात.

रंगांबद्दल मात्र दोन्ही गटांचं एकमत दिसतं. बेलेअर यांना २०१४ चा रंगांसाठीचा आयझनर पुरस्कार (अमेरिकन चित्रकथांचा मानाचा पुरस्कार) मिळाला, तेव्हा ज्या कामांचा उल्लेख झाला त्यात हे पुस्तकही होतं. ‘कळलं नाही, पण चित्रं सुरेख’ असं लिहिणारा वाचक बहुधा शिष्टाचार म्हणून लिहीत नसतो.

आता भरवसा कुणावर ठेवायचा. मी तारे बघत नाही. अभिप्रायात तीन गोष्टी शोधते. माणसानं अंक महिन्या-महिन्यानं वाचले की खंड सलग वाचला? महिन्याला एक अंक वाचणाऱ्याला दुसरा अंक येईपर्यंत पहिल्यातली नावं आठवत नव्हती, आणि २०१३-१४ मधल्या बऱ्याच चिडक्या प्रतिक्रिया अशा वाचनातून आलेल्या आहेत. दुसरं, तो कशाशी तुलना करतोय? नुसत्या वेस्टर्नशी करत असेल तर त्याला न मिळालेली गोष्ट कदाचित तुम्हाला नकोच असेल. तिसरं, तो एखाद्या ठरावीक पानाबद्दल बोलतो का? ‘कापडासमोरचं गाणं दोनदा वाचलं तेव्हा उलगडलं’ असं लिहिणारा, मग त्यानं दोन तारे दिले असले तरी, मला पाच तारे देऊन ‘मास्टरपीस’ एवढंच लिहिणाऱ्यापेक्षा उपयोगाचा वाटतो.

आणि खंडाखंडांची तुलना करताना सावध राहा. त्या काळात इमेज कंपनी नव्या मालिकेचा पहिला खंड मुद्दाम स्वस्तात काढत असे. हाही ९.९९ डॉलरला होता. त्यामुळे सहज म्हणून घेणारे पुष्कळ. ज्यांना आवडत नाही ते तिथेच थांबतात, दुसऱ्या खंडापर्यंत पोहोचतात ते आधीच राजी झालेले. कुठल्याही मालिकेच्या पुढच्या खंडांना जास्त कौतुक मिळालेलं दिसलं, तर त्यातलं थोडं या गाळणीचं असतं.

तरीही माझं वैयक्तिक मत: दुसरा खंड खरोखर अधिक चांगला आहे. सहावा अंक यायला २०१५ उजाडलं आणि मधल्या काळात डिकॉनिक आणि रिओस या दोघींनी काहीतरी ओळखलं असावं. पहिल्या खंडात आसरा देणाऱ्या सेराचं कुटुंब तिथे मध्यभागी येतं. ती म्हातारी होऊन मरणाला टेकलीय आणि तिचा मुलगा सायरस पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या खंदकांत अडकलाय. दैवी पात्रं तीच, पण आता त्यांच्या भांडणात कुणाचं काय पणाला लागलंय ते कळतं. आई आहे, मुलगा आहे, थोडा वेळ हवा आहे. ‘माणूस नाही’ ही तक्रार तिथे बरीचशी मिटते. तिसरा खंड १९३० च्या दशकातल्या हॉलिवूडमध्ये घडतो आणि २०१९ पासून अंकरूपानं आला. तिथे घोडे, वाळवंट, पिस्तुलं शोधू नका. वेस्टर्न म्हणून मालिकेकडे आलेल्यांचा तिसऱ्या खंडावरचा रुसवा मला समजतो.

म्हणून घ्यायची घाई करू नका. पहिला खंड परत एकदा असा वाचून बघा. एका बैठकीत, फुगे न वाचता, फक्त चित्रं. प्राणी, पिसं आणि डोळे यांच्यावर नजर ठेवा. रंगांचा सूर एकदम बदलला की जागा किंवा काळ बदललाय असं धरून चला. मग पहिल्या अंकातलं कापडासमोरचं गाणं सावकाश, मोठ्यानं वाचा. सौंदर्य नावाची बायको, तिला मत्सरापोटी मनोऱ्यात कोंडणारा गवंडी नवरा, तिनं मरण मागितल्यावर आलेला आणि तिच्या प्रेमात पडलेला मृत्यू, त्यांची मुलगी जिनी: पुढच्या चार अंकांचा सगळा पाया त्या थोडक्या पानांत आहे. बहुतेक वाचक ती ‘वातावरणनिर्मिती’ समजून भराभर उलटतात, आणि तिसऱ्या अंकात तुम्ही अडकलात तसे अडकतात.

ते गाणं वाचताना मला दर वेळी कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी आठवते. ठाकर समाजाचे कलाकार एकेक चित्र पुढे करतात, हुडूक आणि टाळांच्या साथीनं रामायण-महाभारतातली आख्यानं गातात. याच परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. रिओस आणि डिकॉनिक यांनी हे पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. चित्र दाखवत गोष्ट गाणारे लोक युरोपातही होते. पण चित्रकथी ऐकणारा माणूस चित्राकडे बघत असतो आणि गाणं कानावर पडू देतो, हा क्रम लक्षात घ्या. मंडळात हे पुस्तक सुचवताना मी तोच क्रम सांगते.

दुसऱ्या वाचनानंतरही हाती काही लागलं नाही, तर खुशाल सोडून द्या. वेस्टर्न आणि काळी जादू हे मिश्रणच आवडत असेल तर ‘द सिक्स्थ गन’ बघा, लेखक कलन बन, चित्रकार ब्रायन हर्ट. सहा शापित पिस्तुलं, अमेरिकन यादवी युद्धानंतरचा काळ, कोण कशाच्या मागे आहे ते पहिल्याच अंकात स्पष्ट. २०१० ते २०१६ या काळात मुख्य मालिकेचे ५० अंक येऊन ती रीतसर संपली. तिच्यावरची तक्रार बरोबर उलटी असते: गोष्ट पळते, पण माणसं पातळ. ‘ईस्ट ऑफ वेस्ट’ मधल्या वाटेवरची आहे, ४५ अंकांत २०१९ ला पूर्ण झालेली. तिथेही मृत्यू घोडेस्वार म्हणून हिंडतो आणि फुटलेल्या अमेरिकेची सात राष्ट्रं समजायला वेळ लागतो, पण लेखक जोनाथन हिकमन माहिती हप्त्याहप्त्यानं देतात, आणि चिकाटीनं वाचणाऱ्याला ती जुळत जाते.

दुसऱ्या वाचनात काही पानं जरी उलगडली, तर दुसरा खंड घ्या. तिसऱ्याचं दुसरा वाचून ठरवा. तिन्ही एकदम मागवू नका, आयात पुस्तकांच्या किमती बघता तर नाहीच.

भाचीला मात्र नको. सशा-फुलपाखरामुळे मुलांचं पुस्तक वाटू शकतं आणि दुकानातही कधी कधी ते भलत्या कप्प्यात सापडतं. पण पुस्तक प्रौढांसाठी आहे. वेश्यागृहातला मारहाणीचा प्रसंग पहिल्याच अंकात आहे, नग्नता आहे, रक्त भरपूर आहे. चार-पाच वर्षांनी तिनं मागितलं तर द्या. ती मांगा वाचत असेल तर तिला तुमच्यापेक्षा लवकर कळेल, त्याची तयारी ठेवा.